निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवरची चर्चा बघायची कशी

निवडणूक लागली की टीव्हीवर रोज संध्याकाळी तेच सुरू होतं, एका स्क्रीनवर सहा-आठ चौकटी, खाली पळणारी पट्टी, मधे अँकर आणि सगळे एकाच वेळी बोलतायत. आपण बघतो, चिडतो, आणि उठताना म्हणतो की याचा माझ्यावर काय परिणाम होणार, भोळ्या लोकांवर होत असेल. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1983 सालीच लिहून ठेवलंय की माध्यमांचा परिणाम इतरांवर जास्त होतो आणि आपल्यावर कमी असं माणसाला वाटतंच. म्हणजे ज्या भोळ्या लोकांबद्दल आपण बोलतोय ते त्यांच्या घरी बसून आपल्याबद्दल तेच म्हणतायत. म्हणून सुरुवातच अशी करायची की माझ्यावर परिणाम होतो हे धरूनच टीव्हीसमोर बसायचं.

मी गेल्या बऱ्याच निवडणुका वही घेऊन चर्चा बघतोय, त्यातून आणि वाचनातून बघायची जी पद्धत बसली ती सांगतो. चर्चा बघूच नका असं मी म्हणणार नाही, मला त्या आवडतात आणि एखादी चांगली चर्चा खरंच खूप काही शिकवून जाते. फक्त एक प्रश्न सतत जवळ ठेवायचा: आत्ता जे वाक्य मी ऐकलं त्याने मला माहिती दिली की निकाल दिला, म्हणजे कोण बरोबर, कोण चूक, कोण हरलं ते परस्पर ठरवून दिलं? पुढचं सगळं याच प्रश्नाभोवती आहे.

आधी परिणाम केवढा असतो ते बघू

काही लोक म्हणतात टीव्हीवाले ठरवतात तोच निवडून येतो, काही म्हणतात लोक सगळं ओळखून असतात, टीव्हीने काही फरक पडत नाही. दोन्ही मला पटत नाही. 1940 साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्याच मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटून विचारलं की मत बदललं का. टीव्ही तेव्हा घरोघरी आला नव्हता, रेडिओ आणि पेपर होते. दिसलं असं की पूर्ण पलटणारे थोडे, बहुतेकांचं आधीचंच मत अजून घट्ट झालं.

टीव्हीचं मोजमाप पुढे झालं. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेलं फॉक्स न्यूज हे बातम्यांचं चॅनेल 1996 मधे सुरू झालं पण केबल कंपन्यांशी करार होत गेले तसतसं ते काही गावांत आधी आलं आणि शेजारच्या गावांत आलंच नाही, याचा उपयोग करून स्टेफानो डेलाविग्ना आणि ईथन कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञांनी 9,256 गावांची तुलना केली. जिथे चॅनेल दिसत होतं तिथे 2000 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाची मतं 0.4 ते 0.7 टक्क्यांनी जास्त वाढलेली होती. अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्याच निवडणुकीत फ्लोरिडाचा निकाल 537 मतांनी लागला, तिथे जवळजवळ साठ लाख लोकांनी मतदान केलेलं असताना, आणि फ्लोरिडावरच राष्ट्राध्यक्ष ठरला.

रशियात तर याहून खूप मोठा फरक दिसला. डिसेंबर 1999 च्या संसदेच्या निवडणुकीत सरकारच्या ताब्यात नसलेलं मोठं चॅनेल म्हणजे एनटीव्ही, आणि ते सगळीकडे पोचत नव्हतं. जिथे दिसत होतं तिथे सरकारी पक्षाची मतं 8.9 टक्क्यांनी कमी झाली असं नंतरच्या अभ्यासात निघालं. एवढं का, तर तिथे पक्षच नवे, मतदाराचं कुठल्या पक्षाशी जुनं नातं नाही, माहिती मिळायच्या वाटा थोड्या. यातून आपल्यापुरतं एवढं घ्यायचं की तुमचं मत पिढीजात ठरलेलं असेल तर चर्चा ते घट्ट करेल, आणि तुम्ही कुंपणावर असाल किंवा उमेदवार नवीन असेल तर चर्चा तुम्हाला बरंच हलवू शकते, आणि मग पुढच्या गोष्टी जास्त काळजीने करा.

टीव्ही लावायच्या आधी वही काढा

चर्चा तुम्हाला अमक्याला मत द्या असं फार क्वचित सांगते. कशाबद्दल विचार करायचा ते मात्र रोज सांगते. 1968 च्या अमेरिकन निवडणुकीत मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी चॅपल हिल या गावातल्या, मत अजून न ठरलेल्या 100 मतदारांना विचारलं की महत्त्वाचे मुद्दे कुठले, आणि दुसरीकडे त्यांच्यापर्यंत येणाऱ्या पेपरांत आणि टीव्ही बातम्यांत कुठल्या मुद्द्याला किती जागा मिळते ते मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ एकसारख्या निघाल्या. 1972 मधे ते छापून आलं आणि तेव्हापासून अजेंडा सेटिंग हा शब्द रुळला.

पुढे शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी 80 च्या दशकात अजून एक पाऊल टाकलं. लोकांना काही दिवस रोज टीव्ही बातम्यांच्या टेप दाखवल्या, एका गटाच्या टेपमधे देशाच्या संरक्षणाच्या बातम्या मुद्दाम वाढवलेल्या, दुसऱ्या गटाच्या टेपमधे तसं काही नाही. ज्यांनी संरक्षणाच्या बातम्या जास्त बघितल्या ते राष्ट्राध्यक्षाचं काम तोलतानाही संरक्षणाला जास्त वजन द्यायला लागले. कुणाला मत द्या हे कुणीच म्हटलं नव्हतं, नुसती तोलायची वजनं बदलली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याला वाटत राहतं की आपण स्वतःच्या बुद्धीने तोलतोय, आणि तोलतोही, पण वजनं दुसऱ्याने ठेवलेली असतात.

म्हणून निवडणूक जाहीर होईल त्याच आठवड्यात, टीव्ही न लावता, वहीत चार-पाच मुद्दे लिहा. या मतावर तुमच्या घराचं, कामाचं, मुलांचं, म्हाताऱ्या माणसांचं काय काय अवलंबून आहे ते, महत्त्वाच्या क्रमाने. खाली तारीख टाका आणि ते पान पुन्हा बदलू नका. मग रोज जी चर्चा बघाल तिचा फक्त विषय लिहायचा, कोण काय म्हणालं ते नको, नुसता विषय आणि अंदाजे किती मिनिटं. आठवड्याने दोन्ही पानं शेजारी ठेवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या यादीत वर पाणी, शाळा आणि नोकऱ्या होत्या, आणि पंधरा दिवसांच्या नोंदीत यातला एकही विषय मुख्य चर्चेत दोनदाच्या वर आलेला नव्हता. पण मी मात्र रोज जेवताना कोण कोणाला काय बोललं आणि कोणाचा अपमान झाला यावरच तावातावाने बोलत होतो. खरं सांगतो, मला ते बघून वाईट वाटलं. त्या दिवसापासून जो मुद्दा टीव्हीवर येत नाही तो मी स्वतः शोधतो, जाहीरनाम्यात, उमेदवाराच्या सभागृहातल्या कामात, मागच्या पाच वर्षांच्या बातम्यांत.

यात एक बारीक गोष्ट अजून आहे. अय्यंगार यांनीच नंतर दाखवलं की गरिबीची बातमी एकाच माणसाची गोष्ट म्हणून दाखवली तर बघणारे त्या माणसालाच दोष द्यायला लागतात, आणि तीच गरिबी आकडे आणि धोरणं घेऊन दाखवली तर सरकारला आणि समाजाला जबाबदार धरतात. म्हणजे एखादा रडणारा चेहरा दाखवून चर्चा सुरू झाली की स्वतःला विचारायचं, असे एकूण किती जण आहेत आणि हे कोणाच्या निर्णयामुळे झालं. उत्तर चर्चेत आलं तर छान, नाही आलं तर वहीत प्रश्न म्हणून राहू द्या.

भाषण संपलं की आवाज बंद करा

एवढं एकच केलंत तरी चालेल असं मी लोकांना सांगतो.

6 ऑक्टोबर 1976, सॅन फ्रान्सिस्को, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांची डिबेट. फोर्ड बोलून गेले की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया सगळे तेव्हा मॉस्कोच्या छायेत. त्याच रात्री लगेच ज्या लोकांना फोन करून विचारलं त्यांच्यात फोर्ड जिंकले म्हणणारे जास्त होते, बहुतेकांनी त्या वाक्याचा उल्लेखही केला नाही. दुसऱ्या दिवसभर टीव्हीवर आणि पेपरांत ते एकच वाक्य गाजलं आणि संध्याकाळी विचारलं तर कार्टर जिंकले म्हणणाऱ्यांची मोठी आघाडी झालेली. डिबेट तीच आणि मतदारही तसेच, फरक फक्त मधल्या चोवीस तासांतल्या चर्चेचा.

आता इथे घाई करून टीव्हीने लोकांना फसवलं असं म्हणू नका, कारण फोर्ड यांचं वाक्य खरंच चुकीचं होतं आणि ज्याला पूर्व युरोपाची माहिती नव्हती त्याला ती दुसऱ्या दिवशी मिळाली. ही माहिती झाली. पण ‘फोर्ड हरले’ हा निकाल होता, दीड तासाच्या डिबेटमधलं बाकीचं सगळं बाजूला ठेवून दिलेला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात, एकाच दमात येतात आणि आपण दोन्ही एकत्र गिळतो. त्या वेगळ्या करायला शिकायचं.

कसं, तर असं. डिबेट, मुलाखत किंवा मोठं भाषण शक्यतो पूर्ण बघा, क्लिप नको. संपलं की पॅनल सुरू व्हायच्या आधी आवाज बंद करा, मोबाइल उलटा ठेवा आणि दहा मिनिटं लिहा. मला कोण पटलं आणि का, नवीन काय कळलं, कुठल्या प्रश्नाला उत्तर टाळलं, माझ्या यादीतल्या मुद्द्यांपैकी कशावर बोलणं झालं. मग आवाज सुरू करून पॅनल बघा. जिथे तुमचं मत सरकतंय असं वाटेल तिथे थांबून लिहा की कशामुळे सरकलं, तुम्हाला माहीत नसलेली एखादी गोष्ट कळली म्हणून, की चार जण एकसुरात म्हणाले म्हणून. पहिल्या कारणाने मत बदललं तर खुशाल बदला. दुसऱ्या कारणाने बदलत असेल तर रात्रभर थांबा, सकाळी वही वाचा.

एकसुरात म्हणाले म्हणून काय होतं याचा एक प्रयोग झालाय. ब्रिटनमधे 2010 साली पक्षनेत्यांच्या डिबेट पहिल्यांदा टीव्हीवर झाल्या आणि खाली एक रेघ वरखाली हलत असायची, मत न ठरलेल्या काही मतदारांना कोणाचं बोलणं आवडतंय ते दाखवणारी, तिकडे तिला वर्म म्हणजे किडा म्हणतात. संशोधकांनी 150 जणांना दोन गटांत विभागून थेट डिबेट दाखवली आणि रेघ स्वतःच खोटी हलवली, एका गटात तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या बाजूने, दुसऱ्यात लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते निक क्लेग यांच्या बाजूने. डिबेट तीच होती तरी कोण जिंकलं याबद्दलचं दोन्ही गटांचं मत त्या त्या रेघेकडे झुकलं. म्हणून स्क्रीनवर कुठलाही लाइव्ह पोल, मीटर, रेघ दिसली की मी सरळ त्यावर कागद धरतो. ऐकायला विचित्र वाटेल पण खरंच उपयोग होतो.

क्लेग यांची पुढची गोष्टही लक्षात ठेवा. पहिल्या डिबेटनंतर त्यांची लाट आली म्हणून सगळीकडे चर्चा, सर्व्हेत पक्ष एकदम वर, आणि 6 मे ला निकाल लागला तेव्हा 57 जागा, मागच्या वेळेपेक्षा पाच कमी. चर्चेतली लाट आणि मतपेटीतली लाट एकच असते असं नाही.

क्लिप नको असं म्हणालो त्याचं कारण पण सांगतो. डॅनियल हॅलिन यांनी अमेरिकन बातम्या मोजल्या तेव्हा उमेदवाराचा सलग बोलण्याचा तुकडा 1968 मधे सरासरी 43 सेकंदांचा होता, 1988 मधे 9 सेकंदांचा. मग बाकीच्या वेळात कोण बोलतो, तर वार्ताहर आणि विश्लेषक, उमेदवार काय म्हणाला त्याचा अर्थ सांगत. 9 सेकंदांत कुणी धोरण सांगू शकत नाही, फार तर टोमणा मारू शकतो, आणि हे उमेदवारांनाही कळतं म्हणून तेही टोमणेच तयार करून येतात.

पॅनलवर कोण बसलंय ते बघा

चर्चा सुरू झाली की पहिल्या पाच मिनिटांत चौकटींखालची नावं आणि ओळख लिहून घ्या. पक्षाचे प्रवक्ते ठीक आहेत, ते कोणाच्या बाजूने बोलणार हे उघड आहे आणि मला त्यांची अडचण वाटत नाही. खरं लक्ष द्यायचं ते ‘राजकीय विश्लेषक’, ‘ज्येष्ठ अभ्यासक’ वगैरे लिहिलेल्यांकडे, कारण निःपक्ष समजून आपण त्यांचंच जास्त मनावर घेतो. हा माणूस आधी कोणासाठी काम करायचा, आत्ता कोणाचा सल्लागार आहे का, मागच्या निवडणुकीत काय बोलला होता, एवढं शोधायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक बाजूचे किती जण हेही मोजा. तीन विरुद्ध एक असेल आणि अँकरही तिघांच्या बाजूने टोकत असेल तर त्या एकाची बाजू कमकुवत नसली तरी कमकुवत दिसणारच.

विश्लेषकांच्या भाकितांबद्दल फिलिप टेटलॉक यांचं काम फार मोठं आहे. त्यांनी वीस वर्षं 284 जाणकारांकडून राजकारण-अर्थकारणाची ऐंशी हजारांहून जास्त भाकितं लिहून घेतली आणि ताडून बघितली, 2005 मधे ते प्रसिद्ध झालं. एकंदर कामगिरी अगदी साधी होती, आणि त्यातही जे माध्यमांत जास्त झळकायचे त्यांची भाकितं इतरांपेक्षा जास्त चुकलेली. कारण समजण्यासारखं आहे, ‘एकीकडे असं आहे, दुसरीकडे तसं आहे, खात्रीने सांगता येणार नाही’ म्हणणाऱ्याला पुन्हा कोण बोलावणार, आणि ‘मी लिहून देतो’ म्हणणारा स्क्रीनवर चांगला दिसतो. म्हणून माझा नियम असा की जो माणूस ‘मला माहीत नाही’ किंवा ‘मागच्या वेळी माझं चुकलं होतं’ असं म्हणतो त्याच्या नावापुढे मी खूण करतो आणि त्याचं पुढच्या वेळी शोधून ऐकतो.

आणि बोलणारा स्वतः जे मानतो तेच बोलतोय हेही धरून चालू नका. अमेरिकेत 2020 च्या निवडणुकीनंतर मतदान यंत्रांत घोटाळा झाल्याचे दावे फॉक्स न्यूजवर चालले, यंत्रं बनवणारी डॉमिनियन कंपनी कोर्टात गेली, आणि तिथे पुढे आलेल्या मेसेजमधून दिसलं की चॅनेलमधल्या काही मोठ्या चेहऱ्यांचा स्वतःचाच त्या दाव्यांवर विश्वास नव्हता. एप्रिल 2023 मधे चॅनेलने 78 कोटी 75 लाख डॉलर देऊन तडजोड केली. तोपर्यंत ज्यांनी विश्वास ठेवायचा त्यांनी ठेवून झाला होता.

अँकरचा प्रश्नही तपासा. ‘अमुक नेते घाबरले का?’ असं स्क्रीनवर येतं, प्रश्नचिन्ह लावलं की चॅनेलची जबाबदारी संपली, पण बघणाऱ्याच्या डोक्यात प्रश्नचिन्ह राहत नाही, घाबरले एवढंच राहतं. मी अशी पट्टी दिसली की ती साध्या विधानात लिहून बघतो आणि शेजारी लिहितो, याला पुरावा काय दाखवला. बहुतेक वेळा ती जागा रिकामी राहते.

आरडाओरडा सुरू झाला की

डायना मुट्झ आणि बायरन रीव्ह्ज यांनी नट घेऊन दोन उमेदवारांची चर्चा तयार केली, मुद्दे अगदी तेच, एकदा सभ्यपणे आणि एकदा डोळे फिरवत, तोडून बोलत. भांडणाची आवृत्ती बघणाऱ्यांचा राजकारण आणि राजकारण्यांवरचा विश्वास कमी झाला. म्हणजे भांडणाने कुठला एक पक्ष हरतो असं नाही, सगळे सारखेच असं वाटायला लागतं, आणि सगळे सारखेच म्हटलं की मतदानाला जायचं कशाला. तुम्हाला चर्चा बघून असं वाटायला लागलं की तेव्हा चॅनेल बदलू नका, टीव्हीच बंद करा आणि तुमच्या यादीतला एक मुद्दा घेऊन दोन उमेदवारांचं त्यावर काय म्हणणं आहे ते लिहून बघा. सारखे नसतात, हे लिहिताना लगेच कळतं.

कोण जिंकणार, याचं काय करायचं

चर्चेतला सगळ्यात मोठा वाटा याचाच असतो, आणि मतदार म्हणून सगळ्यात कमी उपयोगाचाही हाच. कोण पुढे, कोण मागे, कोणाची हवा. जिंकणाऱ्याच्या मागे जाणारे असतात, हरतोय त्याच्यासाठी हट्टाने बाहेर पडणारे असतात, आणि आता काय, लागलाच निकाल, म्हणून घरी बसणारेही असतात. 1980 साली अमेरिकेत एनबीसी चॅनेलने पूर्वेकडच्या घड्याळात रात्री सव्वाआठलाच रोनाल्ड रेगन जिंकले म्हणून जाहीर केलं, तेव्हा कॅलिफोर्नियात मतदानाला अजून पावणेतीन तास बाकी होते. 2000 मधे चॅनेलांनी फ्लोरिडाचा निकाल आधी अल गोर यांना दिला, तोही राज्याच्या पश्चिम टोकाला मतदान चालू असताना, मग काढून घेतला, मध्यरात्रीनंतर जॉर्ज बुश यांना दिला आणि पहाट व्हायच्या आत तोही मागे घेतला.

काही देशांनी म्हणून कायदे-नियम केलेत. ब्रिटनमधे मतदान सुरू झालं की टीव्हीवर निवडणुकीच्या मुद्द्यांची चर्चा बंद, आणि एक्झिट पोल रात्री दहाला, मतदान संपल्यावर. भारतात लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126अ प्रमाणे शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाही, आणि कलम 126 प्रमाणे मतदान संपायच्या आधीच्या 48 तासांत त्या मतदारसंघात टीव्हीवर प्रचाराचा मजकूर दाखवायला बंदी आहे. पण टप्प्याटप्प्याने मतदान असेल तर एका राज्यात शांतता आणि दुसऱ्या राज्यात सभा, आणि टीव्ही दोन्हीकडे तोच दिसतो, त्यामुळे हे 48 तास पाळायचे तर आपले आपणच पाळावे लागतात.

अंदाज चुकतात हे सांगायला लांब जायला नको. 2004 मधे भारतात बहुतेक अंदाज वाजपेयींचं सरकार परत येणार म्हणत होते, आलं नाही. 2024 मधे 1 जूनच्या संध्याकाळी बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला 350 च्या वर नेलं, काहींनी 400 पर्यंत, आणि 4 जूनला आकडा आला 293, त्यात भाजप 240. यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असं मला वाटत नाही. मतांच्या टक्क्यांवरून जागा काढणं मुळातच अवघड आहे, जिथे सगळ्यात जास्त मतं मिळवणारा एकच निवडून येतो तिथे एक-दोन टक्के इकडचे तिकडे झाले की बऱ्याच जागांचं चित्र बदलतं. म्हणून आकडा आला की हे विचारा: किती लोकांना विचारलं, कुठल्या तारखांना, समोर बसून की फोनवर, किती मतदारसंघांत, मतांची टक्केवारी दिली का फक्त जागा, आणि पैसे कोणी दिले. यातलं काहीच सांगितलं नसेल तर तो आकडा वहीत लिहा पण मनात धरू नका. मतदानापूर्वीच्या अंदाजांना तर मी हवामानाएवढंही महत्त्व देत नाही, कारण पाऊस पडणार असेल तर छत्री तरी घेता येते, कोण जिंकणार हे कळून मला चांगला उमेदवार निवडायला कसलीच मदत होत नाही.

दुसऱ्या बाजूचं चॅनेल

डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी सप्टेंबर 2020 मधे फॉक्स न्यूज बघणाऱ्या काही लोकांना तासाला 15 डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. महिन्याअखेर त्या लोकांना कोविडबद्दल, दुसऱ्या पक्षाच्या धोरणांबद्दल बऱ्याच गोष्टी नव्याने कळलेल्या होत्या आणि काही मतंही सरकली होती. मग पैसे बंद झाले, लोक आपल्या जुन्या चॅनेलवर गेले आणि दोन महिन्यांनी बहुतेक फरक पुसलेला. मला यात महत्त्वाचं हे वाटतं की आपलं चॅनेल खोटं बोललं नाही तरी काय सांगत नाही हे आपल्याला आतून कधीच दिसत नाही, ते दुसरीकडे गेल्यावरच दिसतं.

तर आठवड्यातले दोन दिवस तुम्हाला न आवडणारं चॅनेल लावा, अर्धा तास पुरे. तिथे ते काय चुकीचं बोलतायत हे शोधत बसू नका, फक्त माझ्या चॅनेलवर न आलेली कुठली बातमी इथे आहे एवढं लिहा. राग येईल. रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी 1985 मधे दाखवलंय की एकाच बातमीची तीच फीत इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांनी बघितली तर दोन्ही गट म्हणाले की बातमी आपल्या विरुद्ध आहे. त्यामुळे राग येणं हा पक्षपाताचा पुरावा नाही. पुरावा हवा तर वेळ मोजा, कोणाला सलग किती बोलू दिलं, कोणाला किती वेळा तोडलं, मोबाइलवरचं घड्याळ पुरतं.

घरातल्यांशी बोलताना हीच वही उपयोगी पडते. ईरी काउंटीतच लाझार्सफेल्ड यांच्या लक्षात आलं होतं की बऱ्याच लोकांपर्यंत प्रचार थेट पोचत नाही, ओळखीतल्या एखाद्या जास्त वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसातून पोचतो. घरात किंवा मित्रांत तो माणूस तुम्ही असाल तर जबाबदारी मोठी आहे. तुम्ही रात्री ऐकलेला निकाल सकाळी माहिती म्हणून सांगाल आणि समोरचा तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तो तसाच घेईल. सांगताना ‘अमका म्हणाला’ एवढं जोडायची सवय लावा. आणि आईवडिलांना ‘तुम्हाला टीव्हीवाले बनवतात’ असं कधीही म्हणू नका, ते दुखावतात आणि मग ऐकतच नाहीत. त्यांच्या शेजारी बसून एकच चर्चा एकत्र बघा आणि संपल्यावर विचारा, यातून आपल्याला नवीन काय कळलं हो. बऱ्याचदा तेच म्हणतात, काहीच नाही.

शेवटचे दोन दिवस आणि निकाल

मतदानाच्या आधीचे दोन दिवस चर्चा बंद. यादीचं पहिलं पान काढा, तारीख टाकलेलं, आणि प्रत्येक उमेदवाराबद्दल त्या चार-पाच मुद्द्यांवर काय कळलं ते लिहा. नंतर मधल्या पानांवर जा, मत कुठे कुठे सरकलं आणि कशामुळे ते वाचा, जिथे कारण निकाल होता तिथे काट मारा आणि जिथे माहिती होती ते ठेवा. उरलेल्यावर ठरवा. मतदानाच्या दिवशी मत देऊन येईपर्यंत टीव्ही लावू नका, ऐनवेळी आलेल्या ब्रेकिंगची खातरजमा करायला तुमच्याकडे वेळ नसतो आणि ती सोडणाऱ्यालाही हे माहीत असतं.

निकालाच्या दिवशी मात्र पोटभर बघा, आणि वही जवळ ठेवा. ज्या ज्या माणसाने आकडा सांगितला होता त्याच्या नावापुढे खरा आकडा लिहा. संध्याकाळी तीच माणसं पुन्हा पॅनलवर असतील आणि हे असंच होणार होतं असं सांगत असतील, तेव्हा त्यांचं आधीचं वाक्य तुमच्यासमोर तारखेसकट असेल. कोणी चूक कबूल केली तर तेही लिहा. पुढची निवडणूक लागली की नवी यादी करून झाल्यावर, टीव्ही लावायच्या आधी, हे पान एकदा वाचायचं.